ट्रम्पेटवाला स्पिरिट

स्पिरिटला काहीही विचारा, तो उत्तर द्यायचा. मनमाडची पॅसेंजर आज किती लेट हाय, पोट साफ व्हायला काय घ्यावं, पोरीशी बोलायला सुरवात कुठून करावी, काहीही. पण एक प्रश्न असा होता की तो विचारला की हा पठ्ठ्या ट्रम्पेट तोंडाला लावायचा आणि दोन सूर फुंकायचा. पाँ-पाँ. झालं उत्तर. प्रश्न होता, "तुला एचआयव्ही हाय का?" त्यावर त्यानं एकदा साधं 'नाय' म्हटलं असतं तर बँडमधली त्याची जागा राहिली असती, ट्रम्पेट राहिला असता. तो 'नाय' म्हणाला नाही. 'हो' पण म्हणाला नाही. त्याला होता की नव्हता, मला आजपर्यंत माहीत नाही. संशय मात्र मी पोटभर घेतला.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढं माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी बबन. नाशिकरोडच्या एका बँडमधे खुळखुळा वाजवतो. बँडमधे ज्याला काहीच येत नाही पण कोट बसतो, त्याच्या हातात खुळखुळा देतात. मला कोट पण नीट बसत नव्हता, पण दुसरा माणूस मिळाला नाही. शाळा मी बाहेरूनच पाहिली, गॅदरिंगला वाजवायला गेलो तेव्हा. त्यामुळं हे मी बोलतोय आणि माझी पोरगी पिंकी लॅपटॉपवर उतरवून घेतेय. पिंकी बारावीला हाय. स्वतःचा कप भरलेला असला तरी माझ्या कपातला चहा प्यायची तिला सवय हाय, आणि वर म्हणते साखर जास्त झाली.

मी जन्माचा संशयी. दूधवाल्यानं माप वर भरून दूध घातलं तर मला वाटतं आज पाणी जास्त हाय. बायको गोड बोलली तर मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो, तिच्या भावाचं लग्न-बिग्न तर नाही ना. त्यामुळं स्पिरिट आला त्या दिवशीच मला संशय आला, यात त्याची काही चूक नाही. माझं ते रोजचंच काम.

तो मूळचा मनमाडचा. ट्रम्पेट मामाच्या बँडमधे शिकलेला. नाशिकला कॉलेजात होता, आणि लग्नसराईत आमच्या अण्णामालकाकडं वाजवायला यायचा. आता आमच्यातली एक पद्धत सांगतो, तिच्यावरच पुढचं सगळं उभं हाय. वरात म्हणजे तासन्‌तास चालत वाजवणं. ट्रम्पेटवाल्याचे ओठ सुजतात. म्हणून एका ट्रम्पेटला दोन माणसं. एकाचे ओठ गेले की गाणं चालू असतानाच ट्रम्पेट दुसऱ्याच्या हातात जातो. मधल्या एका श्वासापुरता ढोलवाल्यानं ढोल जोरात हाणायचा, की वऱ्हाडाला काही कळत नाही. दोघांचे पण ओठ गेले की ज्याला फुंकता येतं तो फुंकतो, ढोलवाला पण. तोंडाला लावायचा पितळी तुकडा, माऊथपीस, सगळ्यांना एकच. तो कोटाच्या बाहीला पुसायचा. आणि आमचे कोट धुवायला टाकतात ते दिवाळीला, ती पण एखादी दिवाळी सोडून.

पहिल्याच वरातीत या पोराच्या हातात ट्रम्पेट आला, तर त्यानं बाहीला पुसला नाही. खिशातून एक बारकी बाटली काढली, कापसाचा बोळा ओला केला, माऊथपीसवरून फिरवला आणि बरोबर सुरावर गाणं उचललं. बाटलीत स्पिरिट. आमचा ढोलवाला सुकदेव गुटख्याची पिंक टाकून म्हणाला, "का रे, आमच्या तोंडाला वास येतो काय?"

"येतो," पोरगं म्हणालं. "आणि तुम्हाला महिनाभर खोकला पण हाय, सुकदेवभाऊ. एकदा दाखवून या. तोपर्यंत मी पुसतो."

त्या दिवसापासून त्याचं नाव स्पिरिट पडलं. खरं नाव मला माहीत हाय, पण सांगत नाही. का ते पुढं कळेल.

स्पिरिटची दुसरी सवय फर्माईशीची. वरातीत नवरदेवाचे मित्र येऊन गाणी सांगतात, हे वाजव, ते वाजव, आणि वाजवलं नाही तर कोट ओढतात. स्पिरिटनं त्यावर आपला कायदा काढला होता. गाणं पाहिजे तर आधी प्रश्नाचं उत्तर. कॉलेजात त्याचा पोरापोरींचा एक गट होता, छातीला लाल फीत लावून वस्त्यांमधे, चौकात जाऊन एचआयव्हीचं सांगायचा. ती फीत ह्यानं बँडच्या कोटावर पण लावली, सोनेरी झालरीच्या मधोमध. एकदा विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. एक पोरगं घामाघूम होऊन आलं आणि म्हणालं, "दादा, ते वाजव की, आपलं ते नाचायचं."

"वाजवतो. आधी सांग, एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होतो का?"

"होतो."

स्पिरिटनं ट्रम्पेट उचलला आणि नवरीला सासरी पाठवतानाची धून लावली. भर रस्त्यात, नाचाच्या मधे, रडकी धून. सगळी पोरं त्या एकाच्या अंगावर धावली. "अरे गाढवा, नाय होत म्हण." "डास चावल्यानं?" "नाय होत." "हात मिळवल्यानं?" "नाय." "मग कशानं होतो?" इथं पोरं एकमेकाला कोपरानं ढोसायची. मग कुणीतरी मागून सांगायचं, कंडोम न वापरल्यानं, दुसऱ्याची सुई घेतल्यानं. मी खुळखुळ्याच्या मागं तोंड लपवायचो. बायका बाजूलाच उभ्या असायच्या, आणि त्या माझ्यापेक्षा कमी लाजायच्या. वरात मांडवात पोचेपर्यंत त्या पोरांची सगळी उत्तरं बरोबर यायला लागली होती, आणि स्पिरिटला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

फेट्यातले एक म्हातारबुवा मात्र पुढं झाले. "हे काय लावलंय लग्नात?"

"आजोबा, लग्नातच सांगायला पाहिजे," स्पिरिट म्हणाला. "बारशाला सांगून काय उपयोग?"

म्हातारबुवा हसले, पण आमच्यात कुणी हसलं नाही. टेम्पोत बसल्यावर सुकदेव माझ्या कानाशी आला. "बबन, ज्याला नाय त्याला एवढं माहीत कशाला पाहिजे?"

मला ते पटलं. एकदम पटलं. मला शुगरचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, मला शुगर होईपर्यंत. आता कुठल्या फळानं किती वाढते ते मी झोपेत सांगतो. मग या पोराला एवढं सगळं येतं कुठून? मी त्याच्याकडं बघायला लागलो, आणि माणसाकडं बघायचं ठरवून बघितलं की सगळंच दिसतं. तो बारीक होता. आमच्यात सगळेच बारीक, पण तो जास्त बारीक दिसायला लागला. वाजवायच्या आधी तो एक गोळी तोंडात टाकायचा. कसली गोळी? त्याचा कोट खुंटीला होता तेव्हा मी खिसा चाचपला, एक गोळी चोरली आणि खाऊन बघितली. घसा साफ करायची, ज्येष्ठमधाची निघाली. माझा घसा साफ झाला. मग मला वाटलं, वरून ज्येष्ठमध लावलेलं असेल आणि आत दुसरं काही असेल. त्या विचारानं मी जेवलो नाही.

आणि याच्यापेक्षा मोठा घोटाळा मी आधीच करून ठेवला होता. मला आयुष्यात एकदा ट्रम्पेट वाजवायचा होता. देवळाली कॅम्पात एका फौजीच्या पोरीचं लग्न होतं, सगळे जेवायला गेलेले. टेम्पोच्या मागं जाऊन मी स्पिरिटचा ट्रम्पेट तोंडाला लावला आणि जीव खाऊन फुंकला. म्हैस अडल्यासारखा आवाज निघाला. मांडवातून दोन जण पळत आले, त्यांना वाटलं बँडच्या माणसाला काही झालं. स्पिरिट पण आला. रागावला नाही. म्हणाला, "मामा, गाल फुगवू नका, ओठ घट्ट धरा." आणि माझ्या हातातून घेऊन स्वतः वाजवून दाखवला, आणि परत माझ्या तोंडाला दिला. मला त्या वेळी एकच लक्षात आलं नाही. त्यानं तो मधे पुसला नव्हता.

ते लक्षात आलं नंतर, सुकदेवनं बातमी आणली तेव्हा. तो खोकल्याचं दाखवायला सरकारी दवाखान्यात गेला होता, स्पिरिटनंच पाठवलेला, आणि त्याला काय दिसलं, तर एचआयव्हीची तपासणी करतात त्या खोलीतून स्पिरिट बाहेर येतोय, हसत, आणि तिथली मॅडम त्याला नावानं हाक मारतेय. "नावानं," सुकदेव म्हणाला. "नेहमीचं गिऱ्हाईक असल्याशिवाय नावानं कोण ओळखतं?" त्याचा गट तिथं लोकांना सोबत घेऊन जायचा, हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असलेलं संशयाच्या आड कुठं येतं? सगळ्यांनी आपापल्या मनात हिशोब केला, की आपण कोणत्या कोणत्या वरातीत कोणाच्या मागून ट्रम्पेट घेतला. मी पण केला. माझा हिशोब सोपा होता, एक म्हैस.

मग विचारणं सुरू झालं. आधी मस्करीत. "काय स्पिरिट, काय हाय की काय?" पाँ-पाँ. मग जरा दटावून. पाँ-पाँ. एकदा त्याच्या गटातली एक पोरगी त्याला भेटायला बँडच्या गाळ्यावर आली, ढोलावर बसून चहा प्यायली. सुकदेवनं तिलाच विचारलं, "बाई गं, कॉलेजातल्या पोरी तुम्ही, असल्या रोगाचं बोलायला लाज नाय वाटत?" ती म्हणाली, "काका, लाजून कुणी बरं झालेलं बघितलंय का तुम्ही?" सुकदेवनं पिंक टाकली. ती गेल्यावर मला म्हणाला, "हिला पण असणार."

शेवटी देवळाली कॅम्पातल्या एका लग्नाची ठरलेली सुपारी परत गेली. घरच्यांनी अण्णाला फोनवर सांगितलं, तुमच्या बँडमधे एक आजारी पोरगा हाय म्हणतात, आमच्याकडं लहान मुलं आहेत. आमच्यापैकीच कुणीतरी बोलल्याशिवाय हे तिकडं पोचणार नव्हतं. अण्णा वाईट माणूस नाही. स्पिरिट वाजवायचा तेव्हा तो डोळे मिटून उभा राहायचा. पण त्याला तेवढ्यावर बँड चालवता येत नव्हता. त्यानं स्पिरिटला समोर बसवलं. "पोरा, रिपोर्ट काढून आण. निल आला की मी तो गाळ्याच्या दारावर चिकटवतो. मग बघू कोण बोलतं."

"असा रिपोर्ट मागता येत नाय, अण्णा. कायदा हाय."

"कायदा वऱ्हाडाला सांगू का?"

"सांगा की. नायतर असं करा, सगळ्यांचेच चिकटवा. ट्रम्पेट सगळ्यांनीच वाजवलाय."

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. मला दरदरून घाम फुटला होता.

मुहूर्त संपले, बँडला काम उरलं नाही, आणि मी ठरवलं, गुपचूप जाऊन तपासून यायचं. ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला टॉवेल गुंडाळला, डोळ्याला बायकोचा गॉगल लावला. फक्त पँट बँडची घालून गेलो, बाजूला सोनेरी पट्टा असलेली, कारण दुसरी वाळत होती. दवाखान्यात बाकावर बसलो. पलीकडं आणखी एक टॉवेलवाला बसला होता. त्याची पण पँट सोनेरी पट्ट्याची. पायानं ताल धरलेला. तो ताल मी ओळखत नाही होय? मी खांद्यावर हात ठेवला. "अण्णा."

"मी तो नाय," टॉवेल म्हणाला.

"मेव्हण्याला भेटायला आलोय मी," मी म्हटलं.

"मी पण," टॉवेल म्हणाला.

तेवढ्यात आतून सुकदेव बाहेर आला. आम्हाला बघून तो खोकायला लागला, म्हणजे खोकल्याचंच दाखवायला आलोय असं. त्याच्या मागं आमचा बाकीचा बँड थोडाथोडा करून येत राहिला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सगळे भिंतीवरचे बोर्ड वाचत होते. मला वाचता येत नाही, तरी मी पण वाचत होतो.

आत मॅडम बसलेल्या. त्यांनी विचारलं, "कशी भीती वाटली तुम्हाला? काय झालं होतं?"

"ट्रम्पेट वाजवला," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवला. "बँडमधे आहात का?"

"कसं ओळखलं?"

"सकाळपासून सगळे पितळच सांगताहेत." मग त्यांनी मला नीट समजावलं. थुंकीनं होत नाही, उष्ट्यानं होत नाही. असला तरी रोज गोळी घेतली की माणूस कामधंदा करतो, संसार करतो, आणि गोळ्या सरकारात फुकट मिळतात. मी विचारलं, "पण मॅडम, त्या दिवशी त्यानं तो बाटलीतल्या स्पिरिटनं पुसला नव्हता." त्या म्हणाल्या, "अहो, पुसला काय, नाही काय, त्यानं होतच नाही." मग ट्रम्पेट बाजूला ठेवून त्यांनी मला दुसरे प्रश्न विचारले, खरे विचारायचे ते. मी इकडंतिकडं बघायला लागलो. ते प्रश्न काय आणि माझी उत्तरं काय, ते पिंकीला टाइप करायला सांगणार नाही. रिपोर्ट प्रत्येकाला एकेकट्याला आत बोलावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी सीझनच्या हिशोबाला गाळ्यावर सगळे वेळेच्या आधी हजर. एरवी वरातीला उशिरा येणारे. अण्णानं काही विचारायच्या आधीच सुकदेव म्हणाला, "माझा निल." मग शेजारचा म्हणाला, माझा निल. मग त्याच्या शेजारचा. अण्णा स्वतः म्हणाला. मी म्हटलं. शाळेत हजेरी घेतात म्हणतात, तशीच वाटली मला. सगळे इतके खूश झाले की कुणीतरी भजी आणायला पळालं. मग एकेक करून सगळ्यांच्या माना स्पिरिटकडं वळल्या. तो कोपऱ्यात ट्रम्पेटला तेल घालत होता.

अण्णा म्हणाला, "आता फक्त तुझं राहिलं. कागद नको. तोंडानं सांग. एकदा 'नाय' म्हण, मी तुझ्या बाजूनं भांडतो सगळ्यांशी."

स्पिरिटनं आमच्यावरून नजर फिरवली. ती मधे एका जागी थोडी थांबली. मी संशयी, माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही. मला वाटलं तो भज्यांकडं बघतोय.

"अण्णा, मी 'नाय' म्हटलं की तुम्ही सगळे सुटलात," तो म्हणाला. "आणि ज्याला असेल त्यानं कुठं उभं राहायचं?"

"इथं कुणाला नाय," सुकदेव म्हणाला. "आत्ताच सगळ्यांनी सांगितलं."

"मग तर विचारायचं कारणच नाय." आणि त्यानं ट्रम्पेट तोंडाला लावला. पाँ-पाँ.

 अण्णा जमिनीकडं बघायला लागला. मग म्हणाला, "ट्रम्पेट ठेव, पोरा." स्पिरिटनं ठेवला. आधी कापसानं पुसला, मग ठेवला.

कॉलेजला सुट्टी लागली आणि तो मनमाडला निघाला, तेव्हा त्याची बॅग घेऊन स्टेशनवर मी गेलो होतो. माया होती म्हणून गेलो, आणि आता तरी खरं सांगेल म्हणून पण गेलो. बाकावर बसताना बॅग मी दोघांच्या मधे ठेवली. मॅडमनी एवढं सांगून पण ठेवली. त्यानं एक चहा घेतला, अर्धा प्यायला आणि कप माझ्याकडं केला. मी म्हटलं, "नको रे, मला शुगर हाय."

"मामा, शुगर पण उष्ट्यानं होत नाय," तो म्हणाला आणि उरलेला पिऊन टाकला.

पॅसेंजर आली. त्यानं खिशातली बाटली काढून माझ्या हातात दिली. "सुकदेवभाऊ गुटखा सोडणार नायत. पुसत जा." मी म्हटलं, "आता इथं कोणी नाय. मला एकट्याला सांग. हाय का?" ट्रम्पेट तर अण्णाकडं राहिला होता. त्यानं मूठ ओठाला लावली आणि गालानंच आवाज काढला. पाँ-पाँ. डब्यातली एक बाई दचकली. गाडी हलली.

पुढच्या लग्नसराईत आम्ही परत विंचूरला गेलो. जेवणं चालू होती, आणि टेम्पोच्या सावलीत मी आणि आमच्यातला एक जण बसलो होतो. त्यानं खिशातून डबी काढली, एक गोळी घेतली, पाणी प्यायला. मी विचारलं, "घशाची का?"

"नाय," तो म्हणाला. "एचआयव्हीची."

मी एक वीत मागं सरकलो. अंग आपोआप सरकलं, मी सांगितलं नव्हतं त्याला. तो माझ्याकडं बघत राहिला. मला माझीच शरम वाटली. मी वीतभर परत पुढं सरकलो, आणि घाईघाईत जास्तच सरकलो, त्याच्या पायावर बसलो.

मग त्यानं सांगितलं. त्या दवाखान्यातून निघाल्यावर तो घरी गेलाच नव्हता. त्यानं स्पिरिटला फोन केला, कारण या विषयावर बोलता येईल असा जगात तेवढा एकच माणूस त्याला ठाऊक होता. स्पिरिट कॉलेजातला तास सोडून धावत आला. याच्या बायकोला कसं सांगायचं ते ठरवलं, तिची तपासणी होईपर्यंत सोबत बसला, गोळ्या चालू करून दिल्या. बायकोचा खरोखरच निल आला. "आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मी 'निल' म्हणालो तेव्हा त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "तो 'नाय' म्हणाला असता ना, तर सगळ्यांना पटलं असतं की बँडमधे कुणालाच नाय. आणि दुसऱ्या दिवशी मी गोळी घेताना दिसलो असतो की संपलं. मला आधी वाटलं, तो चिडलाय म्हणून बोलत नाय. मग माझ्याकडं बघून त्यानं ट्रम्पेट उचलला."

"त्याला हाय का नाय, तुला तरी माहीत हाय?" मी विचारलं. एवढं ऐकून पण मी तेच विचारलं.

"मी विचारलं नाय," तो म्हणाला. "न विचारणारा पहिला माणूस असेन मी."

आता वरातीत पोरं येतात आणि विचारतात, तो प्रश्न विचारणारा कुठं गेला? एकदा मी म्हटलं, मी विचारतो. मला प्रश्न पाठ, उत्तरं अर्धी पाठ. पहिल्याच दिवशी मी बरोबर उत्तराला रडकी धून लावायला सांगितली आणि पोरांनीच मला सुधारलं. पण जमलं हळूहळू. लाल फीत माझ्या कोटावर हाय, बाटली खिशात. नवीन ट्रम्पेटवाला पण आता पुसतो. सुकदेवचा खोकला औषधानं गेला, गुटखा नाही गेला. आणि मागच्या लग्नात तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बबन, खरं सांग. एवढं बोलतोस तू आजकाल. तुला हाय का?"

माझ्या जिभेवर 'नाय' आला होता, नाहीतर 'हो' आला होता, जे काही होतं ते आलं होतं. पलीकडं तो माणूस आपलं वाद्य घेऊन उभा होता आणि दुसरीकडं बघत होता. मला ट्रम्पेट येत नाही. मी खुळखुळा सुकदेवच्या नाकासमोर धरला आणि दोनदा वाजवला. छुन-छुन.

तेव्हापासून सुकदेव माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघतो. अण्णानं मला एकदा विचारलं, बबन, तू बारीक झालायस का. बायकोच्या माहेरपर्यंत पण काहीतरी पोचलंय. तो माणूस कोण ते मी सांगणार नाही. बँडमधल्या कुणाचंही नाव घ्या, मी मान हलवणार नाही. तुम्ही आता म्हणत असाल, हा बबनच असणार, म्हणून एवढं फिरवून फिरवून सांगतोय. म्हणा. तसं म्हणालात तर दुसऱ्या कुणाकडं बघणार नाही.

इथं पिंकीचा हात थांबलाय. स्क्रीनवरून नजर काढून ती माझ्याकडं बघतेय. विचारलं काही नाही. मी उठलो, खुंटीवरचा खुळखुळा काढला आणि तिच्यासमोर दोनदा वाजवला.

तिनं खुळखुळ्याकडं बघितलं. मग हात लांब करून माझा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "पप्पा, साखर जास्त झालीय. बोला पुढं."